वगळलेले ठोके

हेमांगी आष्टेकरला रस्त्याचा आवाज दिसत असे. ऐकू येत नसे, दिसत असे. तिच्या टेबलावरच्या रुंद पडद्यावर नऊ क्रमांकाचा महामार्ग आडवा पसरलेला असे आणि त्यावरून जाणारं प्रत्येक वाहन एक तिरकी रेघ होऊन सरकत राही. मोटारींच्या रेघा केसासारख्या बारीक, मालट्रकांच्या जाड, काजळाचं बोट ओढल्यासारख्या. धुकं उतरलं की साऱ्या रेघा एकदम आडव्या कलत, म्हणजे मंदावत. सात वर्षं ती हे वाचन करत होती. आता तिला एखादी रेघ कोणत्या चाकाची असेल हे अक्षर ओळखावं तसं ओळखता येई.

हा रस्ता बर्लिनभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्यापासून सुटतो, लाइपझिगला डावीकडे ठेवून दक्षिणेला वळतो, थुरिंगियाच्या पाटीच्या दगडांचे डोंगर चढतो, बायरॉइट आणि न्यूरेंबर्ग ओलांडून बिअरसाठी लावलेल्या हॉप्सच्या वेलींच्या मांडवांमधून म्युनिकला पोहोचतो. पाचशे तीस किलोमीटर. हेमांगीचं श्रवण केंद्र बर्लिनकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर, हेर्म्सडोर्फच्या चौफुल्याजवळ होतं. तिच्या वाट्याला डोंगरातला तुकडा आला होता, आणि त्या तुकड्यातल्या एर्लबाख नावाच्या ओढ्याच्या दरीवरचा जुना पूल.

रस्ता ऐकण्याची युक्ती तशी साधी होती. संदेशवहनासाठी रस्त्याच्या कडेने काचेचे तंतू फार पूर्वीच पुरलेले होते. अशा तंतूत प्रकाशाचा ठिपका सोडला, की काचेतल्या अतिसूक्ष्म उणिवांवर आपटून त्याचा किंचित अंश माघारी येतो. जवळून चाक गेलं की जमीन थरथरते, तंतू ताणला जातो, आणि माघारी येणारा प्रकाश जरासा बदलतो. हा बदल सेकंदाला हजारो वेळा मोजला, की तंतूचा प्रत्येक मीटर एक कान होतो. २०३८ साली त्या रस्त्याला असे सव्वापाच लाखांवर कान होते. पुलांच्या आत अधिक तल्लख तंतू चिकटवले होते, कारण तिथे ऐकायचं होतं ते चाक नव्हतं. तिथे तार तुटल्याचा आवाज ऐकायचा होता.

एर्लबाखचा पूल पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यानंतरच्या घाईत बांधलेला. त्या रस्त्याने घाई आणि खोळंबा दोन्ही भरपूर पाहिले होते. एकोणीसशे तीसच्या दशकात तो फावड्यांनी आणि फुशारकीने बांधला गेला. पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये माघार घेणाऱ्या सैन्याने रुडॉल्फश्टाइनजवळचा, ‘झाले’ नावाच्या नदीवरचा पूल स्वतःच उडवला, आणि मग एकवीस वर्षं महामार्ग तिथे नदीच्या काठावर येऊन तुटलेल्या वाक्यासारखा थांबत असे. सहासष्टमध्ये पूल पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याच्यापाशी देशाची सीमा उभी होती. ती गेली, तेव्हा चार पदरांचे सहा पदर करायला एकच झुंबड उडाली. त्या झुंबडीत एर्लबाखच्या पुलाच्या काँक्रीटमध्ये ताणलेल्या पोलादी तारा कुठल्या तरी जुन्या साठ्यातल्या निघाल्या. कुठल्या, ते सांगणारे कागद उरले नाहीत. अशी तार ओलाव्याने आतून ठिसूळ होते. ती वाकत नाही, कुरकुरत नाही, गंजाचा ओघळ बाहेर दाखवत नाही. एका क्षणी तुटते. शेकडो तारांमध्ये एक तुटल्याने काही होत नाही. एका गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या भागात, बारा तुटल्या की पूल बंद करायचा, असा नियम होता.

शेजारी नव्या पुलाचे खांब उभे राहिले होते. तो चालू व्हायला चौदा महिने होते. तोवर जुन्याने तग धरायचा होता.

त्या शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास तिच्या भावाचा फोन आला. जालिंदर आष्टेकर सांगलीकडे द्राक्षांच्या गाड्या चालवायचा; पाच वर्षांपूर्वी इथे चालकांची टंचाई झाली तेव्हा भाषेचा वर्ग करून आला. आता तो ट्रकांच्या माळेचा म्होरक्या होता. पुढच्या गाडीत माणूस, मागच्या चार गाड्यांत कुणी नाही; त्या पुढच्या गाडीचं अनुकरण करत तिच्या शेपटीला चिकटून धावत.

“हेमे, जेवलीस का?”

“दादा, कामावर आहे मी. तू कुठंयस?”

“लाइपझिग सोडलं. चार बिनडोकी लावलीत मागं. सव्वादोनला तुझ्या पुलावरनं जातो बघ. दिसलो की हात कर.”

“तू दिसत नाहीस, तुझी रेघ दिसते.”

“मग रेघंला कर.”

ती हसली आणि खाली चहाच्या खोलीत गेली, कारण हेर, म्हणजे श्रीयुत, झाइडेल खांद्याच्या उपचारांच्या रजेवरून आज परतले होते आणि इथल्या रिवाजाप्रमाणे परतणाऱ्याने केक आणायचा असतो.

हाइको झाइडेल हे पूल-तपासनीस. वय चौसष्ट, निवृत्तीला तीन महिने. त्यांच्या तारुण्यात नियम असा होता, की पुलाचा प्रत्येक हातभर भाग हात पोहोचेल इतक्या जवळून पाहायचा आणि हातोडीने ठोकून ऐकायचा. निरोगी काँक्रीट खणखणीत उत्तर देतं. आत पोकळी असली तर ठोका गिळून टाकतं. तंतू आले, पडदे आले, आणि तपासनिसांना टेबलं मिळाली. झाइडेलांनी टेबल घेतलं, पण किल्ली परत केली नाही. दर गुरुवारी काम संपल्यावर ते एर्लबाखच्या पुलाच्या पोटात शिरत. पुलाला पोट असतं: रस्त्याखाली माणूस उभा राहील असा काँक्रीटचा पोकळ बोगदा. तिथे ते अर्धा तास ठोकत बसत. तीन ठोके, विराम, एक ठोका.

हे हेमांगीला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पहिल्या गाळ्यात तंतूने टोकदार आवाज पकडले आणि पडद्यावर पिवळी सूचना आली. तिने वेळ पाहिली, दाराची नोंद पाहिली, आणि तिला कळलं. आणखी दोन सूचना झाल्या असत्या तर प्रकरण सुरक्षा विभागाकडे गेलं असतं. परवानगीविना पुलात शिरल्याबद्दल चौकशी झाली असती. तिच्या डोळ्यांसमोर आबा आले. तिचे वडील साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी फाटकापर्यंत चालत जात, भोंगा झाला की परत येत. घरात कुणी त्यांना कधी विचारलं नाही. आई न बोलता त्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवत असे. वडीलधाऱ्यांच्या अशा सवयीवर पांघरूण घालायचं असतं, हे हेमांगी शब्दांवाचून शिकली होती. तिने झाइडेलांच्या त्या अर्ध्या तासाच्या ठोकण्याचे नमुने गोळा केले आणि यंत्राला शिकवलं: पहिल्या गाळ्यातला असा तोकडा, टोकदार आवाज म्हणजे हातोडी; तो मोजू नये. ते कधी बुधवारी जात, कधी रविवारी, म्हणून तिने ही चाळणी आठवड्याचे सातही दिवस चालू ठेवली. पिवळ्या सूचना थांबल्या. झाइडेल आणि ती दर सोमवारी एकत्र चहा घेत, आणि दोघांपैकी कुणीही पुलाचा विषय काढत नसे.

“या, फ्राउ आष्टेकर,” झाइडेल म्हणाले. “खसखशीचा आहे. माझ्या बहिणीने केलाय, त्यामुळे खाता येईल.”

“तब्येत?”

“तीन आठवडे! सकाळी गरम चिखलात पुरतात, दुपारी सूप देतात, संध्याकाळी एक बाई व्हायोलिन वाजवते. तिच्यापेक्षा चिखल बरा.” त्यांनी उजवा खांदा सावकाश फिरवून दाखवला. “डॉक्टरांनी हातात काही धरू दिलं नाही. सुरीसुद्धा डाव्या हाताने. आता हळूहळू सुरू करा म्हणाले.”

“मग आमच्या पुलाला तीन आठवडे विश्रांती,” हेमांगी बोलून गेली.

झाइडेलांचा काटा केकमध्येच थांबला. “तुम्हाला माहीत होतं?”

पण हेमांगीने तो प्रश्न नीट ऐकलाच नाही. सकाळचा साप्ताहिक अहवाल तिच्या मनात उघडला होता. त्याच्या तळाशी, कुणी वाचत नाही अशा बारीक अक्षरात, एक ओळ असे: पहिला गाळा, वगळलेले ठोके, सात. त्याच्या मागच्या आठवड्यात पाच होते. त्याच्या मागच्या आठवड्यात, बहुधा, सात.

“हेर झाइडेल, तुम्ही पुलात शेवटचे कधी गेलात?”

“चिखलात जायच्या आदल्या गुरुवारी. का?”

तिने बशी ठेवली आणि जिन्याकडे वळली.

वर येऊन तिने चाळणी बाजूला केली. रस्त्याचा कच्चा आवाज इतका प्रचंड असे, की तीस दिवसांपलीकडचा पुसून टाकावा लागे; पण हे तीन आठवडे शाबूत होते. एकोणीस ठोके. झाइडेल धापा टाकत मागोमाग आले, हातात अजून केकची बशी. हेमांगीने पहिला ठोका पडद्यावर आणला आणि सात वर्षांत पहिल्यांदा तिने रेघ पाहण्याऐवजी कर्ण्याची कळ दाबली.

टण्.

पाठोपाठ, अगदी पुसट, काहीतरी सरकल्यासारखी खसखस.

“पुन्हा,” झाइडेल म्हणाले.

तिने पुन्हा लावला. मग दुसरा. मग तिसरा.

“ही हातोडी नाही.” त्यांनी बशी खाली ठेवली. “हातोडी बाहेरून येते. ठोका, आणि मग भिंत बोलते. हे आतून आलंय. आणि ही मागची खसखस आहे ना, ती तुटलेली तार आपल्या नळीत आखडते त्याची.” त्यांनी खुर्ची ओढून घेतली. “किती?”

“तीन आठवड्यांत एकोणीस.”

“आणि त्याआधी?”

“दोन वर्षांत हजारो ठोके वगळले. त्यांतले तुमचे किती आणि तारांचे किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आवाज पुसले गेलेत.” तिचा स्वर सपाट होता, तो तसाच ठेवण्यासाठी तिला शब्द एकेक करून मांडावे लागत होते. “ते मी वगळले. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून. तुमची चौकशी होऊ नये म्हणून.”

झाइडेलांनी तिच्याकडे पाहिलं. रागापेक्षा त्या नजरेत नवल अधिक होतं.

“तुम्ही मला लपवलंत?”

“हो.”

“फ्राउ आष्टेकर, मी दोन वर्षं कशासाठी ठोकत होतो असं तुम्हाला वाटलं? करमणूक म्हणून? पहिल्या गाळ्यात मला भिंत वेगळी वाटली. मी लिहून दिलं. उत्तर आलं, यंत्राला काही ऐकू येत नाही. मग मी म्हटलं, बरं. यंत्राला ऐकू येईल असं करतो. घंटा वाजेल, कुणीतरी येईल, विचारेल, म्हाताऱ्या, इथेच का ठोकतोस? मग मी सांगेन.” त्यांनी ओठ पुसले. “कुणीच आलं नाही. मला वाटलं, ऐकतात, पण किंमत देत नाहीत. तुमच्यासमोर दर सोमवारी बसायचो. वाटायचं, या बाईला सगळं दिसतं आणि ती विचारत नाही. तर आपण तरी कशाला बोलावं.”

दोघांनी एकमेकांचा मान राखला होता, आणि त्या मानाच्या जाड गालिच्याखाली एकेक तार तुटत गेली होती.

पडद्यावर पूल काळ्या रेघांनी भरत चालला होता. शुक्रवार, बव्हेरियाच्या शाळांना सुट्टी लागत होती. तिला ते जुनं गणित आठवलं, रस्ते बांधणाऱ्या प्रत्येकाला पाठ असलेलं: आसावरचं वजन दुप्पट झालं, तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सोळा पट होते. एक भरलेला ट्रक हजारो मोटारींएवढा झिजवतो. आणि माळेतले पाच ट्रक एकमेकांना इतके खेटून धावतात, की त्यांतले तीन एकाच वेळी एका गाळ्यावर असतात. घड्याळात एक वाजून बावन्न मिनिटं झाली होती.

तिने केंद्रप्रमुख फ्राउ लिंडनर यांना फोन लावला.

“एर्लबाख बंद करायचाय. आत्ता.”

“आज? हेमांगी, आज शुक्रवार आहे. यंत्र काय म्हणतंय?”

“यंत्र म्हणतंय, पूल ठणठणीत आहे.”

“मग?”

“यंत्राला तसं म्हणायला मी शिकवलंय.”

तिने चार वाक्यांत सगळं सांगितलं. पलीकडे कुणीतरी पेला ठेवल्याचा आवाज आला.

“सहा तासांसाठी बंद करण्याचा अधिकार तुझ्याकडे आहे,” फ्राउ लिंडनर म्हणाल्या. “तुझ्या सहीने. पुढचं मी बघते. पण कारण खरं लिही. ते कारण तुझ्यामागे आयुष्यभर येईल, हे धरून लिही.”

बंदीच्या नमुन्यात कारणांची यादी होती: अपघात, आग, पूर, मापन-मर्यादा ओलांडली. यांपैकी एकही खरं नव्हतं. तिने ‘इतर’ निवडलं आणि टंकलं: पहिल्या गाळ्यातले तार तुटल्याचे आवाज मी बनवलेल्या चाळणीमुळे दोन वर्षं मोजले गेले नाहीत. खरा आकडा अज्ञात.

“माझं नावही घाला,” मागून झाइडेल म्हणाले. “किल्ली माझी, हातोडी माझी.”

“तुमची निवृत्ती तीन महिन्यांवर आलीय.”

“पुन्हा लपवताय?”

तिने त्यांचं नाव घातलं. झाइडेल पडद्यावरचा वळणमार्ग पाहत होते. ती पिवळी रेघ डोंगर उतरून एका गावातून जात होती.

“ही माझी गल्ली,” ते म्हणाले. “चौदा महिने ट्रक आता माझ्या खिडकीखालून जाणार. माझी बहीण मला केक करायची नाही.” मग त्यांनी मान हलवली. “दाबा.”

तिने कळ दाबली. दोन वाजून चार मिनिटांनी दरीच्या दोन्ही अंगांना लाल फुल्या पेटल्या. पडद्यावरच्या रेघा पुलाआधी मंदावल्या, आडव्या झाल्या, थांबल्या. पुलावर होत्या त्या शेवटच्या काही रेघा दक्षिणेला निघून गेल्या आणि त्यांच्यामागे एक कोरी पट्टी उरली. इतकी कोरी पट्टी हेमांगीने त्या रस्त्यावर कधी पाहिली नव्हती. बर्फवाऱ्यातसुद्धा नाही.

सव्वादोनला फोन वाजला.

“काय गं, पूल बंद झाला व्हय? वेळेआधी पोचलो, धा मिन्टं झाली, रांगेत पहिला नंबर माझा. पुढं नुसता मोकळा रस्ता आणि लाल फुली. मागची चार बिनडोकी माझ्याकडं बघत उभी राहिल्यात.”

“मी बंद केला, दादा.”

“तू?”

तिने सांगितलं. मराठीत सांगताना ते जर्मनपेक्षा अवघड गेलं. त्या भाषेत आडोसे कमी होते. जालिंदर ऐकत होता. मागे इंजिनाची घरघर होती.

“दोन वर्सं,” तो म्हणाला. “दिवसाआड जातोय की गं मी त्याच्यावरनं.”

“हो.”

“आणि तू माझ्या रेघंला हात करत हुतीस.”

“दादा, मला माहीत नव्हतं. मी माहीत करून घेतलं नाही.”

पलीकडे तो खाकरला. लहानपणी रडू आवरताना तो असाच खाकरायचा. “आबांना कुणी कधी इचारलं न्हाई बघ,” तो म्हणाला. “मला लई वाटायचं, इचारावं. एकदा फाटकापर्यंत संगं जावं. तुम्ही समदी म्हणायचा, गप बस.” थोडं थांबून म्हणाला, “म्हाताऱ्याला सांग, जालिंदरचा नमस्कार. आणि तू काहीतरी खाऊन घे. पोलीस गाड्या वळवायला लागल्यात. ठेवतो.”

शनिवारी सकाळी, तज्ज्ञांची तुकडी पुलाखाली आपली उपकरणं मांडत असताना, हेमांगी आणि झाइडेल यांना पुलाच्या उत्तर टोकाच्या खोलीत जाण्याची परवानगी मिळाली. तिथून पहिल्या गाळ्याचं पोट सुरू होतं. पिवळी दोरी लावली होती. तिच्या पुढे जायचं नव्हतं. हेमांगीने या पुलाचे लाखो मीटर आवाज वाचले होते, पण ती त्याच्या आत कधी आली नव्हती.

झाइडेलांनी दिवा भिंतीवर धरला. करड्या काँक्रीटवर पांढऱ्या खडूची वर्तुळं होती, दोरीच्या अलीकडून सुरू होऊन अंधारात दूरवर गेलेली. प्रत्येक वर्तुळाखाली तारीख. गुरुवार, गुरुवार, गुरुवार, मध्येच एखादा रविवार. दोन वर्षांची ती अक्षरं कुणीतरी येईल म्हणून वाट पाहत उभी होती.

“घ्या,” ते म्हणाले, आणि हातोडी तिच्या हातात दिली. दांडा त्यांच्या अंगठ्याने झिजून खोलगट झाला होता. “जोरात नाही. दारावर ठोकतो तसं. आत कुणी आहे का, एवढंच विचारायचं.”

तिने ठोकलं. भिंतीने स्पष्ट, थंड उत्तर दिलं. ती एक पाऊल पुढे गेली आणि तिने पुन्हा ठोकलं. तिसऱ्या वर्तुळापाशी उत्तर आलं नाही. ठोका आत गेला आणि राहिला.

“हं,” झाइडेल म्हणाले. “इथून.”

मग दोघं नुसती उभी राहिली. डोक्यावरचा रस्ता रिकामा होता. दरीतल्या ओढ्याचा आवाज वरपर्यंत येत होता. झाइडेल म्हणाले, या पुलातून तो त्यांनी आजवर कधी ऐकला नव्हता. हेमांगीने हातोडी सावकाश खाली, जमिनीवर ठेवली.

टण्.

आवाज दोरीच्या पलीकडून आला, भिंतीच्या आतून, आणि त्याच्या मागोमाग ती पुसट खसखस. दोघांनी एकदमच खाली पाहिलं. हातोडी जमिनीवर होती. दोघांचे हात रिकामे होते.

झाइडेलांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि तिच्यापुढे धरला. हेमांगीने घड्याळ पाहिलं. भिंतीवर, दोरीच्या अलीकडे जिथवर हात पोहोचत होता तिथे, तिने एक वर्तुळ काढलं. खाली तारीख लिहिली. सात वाजून त्रेचाळीस मिनिटं, असं लिहिलं. मग जरा थांबून, ऐकणाऱ्यांची दोन नावं.